किन्साकु ते बाशो : एका जपानी कवीची नावे आणि त्याचे चरित्र

मराठीत हायकूची चर्चा सुरू झाली की बाशोचे नाव हटकून येते. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात शिरीष पै यांनी हा रचनाप्रकार मराठीत रुजविला आणि त्याच्याबरोबर सतराव्या शतकातील हा जपानी कवीही मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला. त्याहून बरेच आधी, १९१६ च्या जपानभेटीनंतर, रवींद्रनाथ ठाकुरांनी ‘जापान-यात्री’ या प्रवासग्रंथात त्याची बेडकावरील प्रसिद्ध रचना बंगालीत आणली होती. परंतु आपल्याकडे जो बाशो आला तो पूर्ण घडलेला, किंबहुना गोठलेला आला. डोईचे केस उतरविलेला, हाती काठी घेतलेला, मोहपाश तोडून निघालेला एक विरक्त पुरुष अशी त्याची मूर्ती आपल्या मनात आहे. त्याला संतांच्या मालिकेत नेऊन बसविण्याचा मोह मराठी समीक्षेलाही अधूनमधून होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या मूर्तीचे एक साधे कारण असे की आपण त्याचे केवळ शेवटचे नाव जाणतो. ते नाव त्याने धारण केले तेव्हा तो छत्तिशीच्या पुढे गेला होता. त्यापूर्वीचे त्याचे आयुष्य वेगवेगळ्या नावांनी जगले गेले आहे, आणि त्या नावांचा माग काढीत गेल्यास दिसणारा माणूस त्या मूर्तीहून पुष्कळच निराळा आहे.

नावाचा विषय मराठवाड्यातील वाचकाला किरकोळ वाटण्याचे कारण नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात १९७८ मध्ये झाला आणि तो अमलात येण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. मधल्या सोळा वर्षांत या भूमीने काय पाहिले ते येथे सांगण्याची गरज नाही. नाव बदलणे म्हणजे पाटी बदलणे नव्हे, हे आपण अनुभवाने शिकलो आहोत. बाशोच्या बाबतीत असा सार्वजनिक संघर्ष नव्हता; तथापि प्रत्येक नावामागे एक घर, एक धनी, एक धंदा किंवा एक मृत्यू उभा आहे.

प्रथम तत्कालीन जपानी पुरुषनामांची व्यवस्था थोडक्यात पाहिली पाहिजे. त्याशिवाय पुढील विवेचन उलगडणार नाही. जपानी नावात कुलनाम आधी येते आणि व्यक्तिनाम नंतर. सामुराई वर्गातील किंवा त्या वर्गाच्या कडेला असलेल्या घरातील मुलाला बालपणी एक नाव असे. तो वयात आला की विधिपूर्वक दुसरे, औपचारिक नाव मिळे. या औपचारिक नावाने एकमेकांना हाक मारणे शिष्टसंमत नसल्यामुळे व्यवहारासाठी आणखी एक नाव असे. ही व्यवहारातील नावे मोठी मनोरंजक आहेत. ‘तारो’ म्हणजे पहिला मुलगा, ‘जिरो’ दुसरा, ‘साबुरो’ तिसरा, अशी क्रमवाचक नावांची एक रांग आहे. ‘झाएमोन’ आणि ‘एमोन’ यांनी संपणारी नावे ही मूळची राजवाड्याच्या दारावरील पहारेकऱ्यांची पदे होत. डाव्या दाराच्या पथकाचे नाव एकात उरले, उजव्या दाराच्या पथकाचे दुसऱ्यात. आपल्याकडे पाटील, देशमुख, कुलकर्णी ही वतने आडनावे झाली. जपानात राजसेवेची पदे व्यक्तिनामांत मुरली आणि शेतकऱ्याच्या पोरालाही ती मिळू लागली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जपानी नावे चिनी चित्राक्षरांत लिहिली जातात आणि एकच अक्षर दोन रीतींनी वाचता येते. एक वाचन देशी, दुसरे चिनीवरून आलेले. ‘७’ हा अंक आपण सात असा वाचतो आणि संस्कृत समासात तोच सप्त होतो, तसाच हा प्रकार आहे. कागदावरील नाव जसेच्या तसे ठेवून माणूस स्वतःला निराळ्या ध्वनीने हाक मारून घेऊ शकतो, आणि उलट ध्वनी तोच ठेवून अक्षरे बदलू शकतो. पुढील कथेत हे दोन्ही प्रकार येणार आहेत.

बाशोचा जन्म १६४४ मध्ये इगा प्रांतातील उएनो या गढीच्या गावी झाला. वडिलांचे नाव मात्सुओ योझाएमोन. घर आडनाव लावण्याचा अधिकार असलेले, पण प्रत्यक्षात जमीन कसून जगणारे. थोरल्या मुलाचे नाव हान्झाएमोन, म्हणजे वडिलांच्याच घडणीचे. घर आणि त्याचा लहानसा मान त्याच्याकडे जायचा होता. धाकट्याला बालपणी किन्साकु म्हणत. ‘किन्’ म्हणजे सोने. आपल्याकडे सोन्याबापू असते तसेच हे लाडाचे, शुभेच्छेचे नाव. वयात आल्यावर त्याला मुनेफुसा हे औपचारिक नाव मिळाले. व्यवहारातील नावे चरित्रकार एकाहून अधिक देतात, त्यांत जिन्शिचिरो हे एक आहे. यातील ‘शिचिरो’ म्हणजे सातवा मुलगा. बाशो सातवा नव्हता, मुलांमध्ये दुसरा होता. तेव्हा ही क्रमवाचक नावे एव्हाना अर्थापासून सुटून केवळ नावे झाली होती, हे यावरून दिसते. धोंडू नावाच्या माणसाच्या घरी नवसाची कथा असेलच असे नाही, तसेच हे.

१६५६ मध्ये योझाएमोन वारला. किन्साकु बारा-तेरा वर्षांचा होता. धाकट्या मुलाला घरात वाटा नव्हता. त्याला कोणातरी धन्याची चाकरी पाहणे भाग होते. ती त्याला गढीवरील तोदो घराण्यात मिळाली. त्या घरचा वारस योशितादा वयाने त्याच्याहून केवळ दोन वर्षांनी मोठा होता. चाकरीचे स्वरूप मुदपाकखान्याशी संबंधित असावे असे अभ्यासक मानतात. दोघांना जोडणारा धागा मात्र स्वयंपाकाचा नव्हता. योशितादाला त्या काळी लोकप्रिय असलेल्या ‘हायकाइ’ या साखळी-काव्याची गोडी होती. क्योतोतील कितामुरा किगिन हा त्याचा गुरू होता, आणि कवी म्हणून त्याने सेन्गिन हे नाव घेतले होते. सेन्गिन म्हणजे झाडावरच्या रातकिड्यासारख्या त्या उन्हाळी कीटकाचे गान. मालकाने कविनाम घेतले आणि चाकरानेही घेतले. पण चाकराला नवे नाव शोधण्याची मुभा वा धिटाई नव्हती असे दिसते. त्याने मुनेफुसा या नावाचीच दोन अक्षरे चिनी पद्धतीने वाचली आणि तो सोबो झाला. १६६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संग्रहात धन्याची एक आणि चाकराची दोन अशा रचना एकत्र आल्या.

हे नाव बाशोच्या चरित्रात सहसा एका ओळीत उरकले जाते. मला ते फार बोलके वाटते. सोबो हे कविनाम आहे, पण ते अद्याप चाकराच्या नावापासून वेगळे झालेले नाही. कागदावर दोन्ही एकच आहेत; वाचणारा कोण, यावर तो सेवक की कवी हे ठरते. शिवाय हे नाव एका मैत्रीत जन्मले आहे. हायकाइच्या बैठकीत एकाची ओळ दुसरा पुढे नेतो. तेथे ओळीपुरती तरी धनी-चाकर ही उतरंड मोडते. सेन्गिनच्या ओळीला सोबोने ओळ जोडावी, हे त्या समाजात दुसऱ्या कोणत्या मार्गाने घडले असते?

१६६६ च्या वसंताअखेर योशितादा वारला. त्याचे वय पंचवीस. त्याच्या अस्थी किंवा केस कोया पर्वतावरील मठात नेण्याचे काम बाशोने केले अशी परंपरागत कथा आहे. तिला कागदोपत्री आधार पक्का नाही. त्याने चाकरी सोडली हे मात्र खरे. पुढील पाच-सहा वर्षांविषयी विश्वसनीय माहिती तुटपुंजी आहे. या मोकळ्या जागेत उत्तरकालीन चरित्रकारांनी गुप्त प्रेमप्रकरणे आणि मठवास भरून टाकला आहे. संतचरित्रकारांच्या लेखण्या वाचलेल्या मराठी अभ्यासकाला याचे नवल वाटू नये. निश्चित आहे ते एवढेच की सोबो या नावाने त्याच्या रचना संग्रहांतून येत राहिल्या, आणि १६७२ मध्ये त्याने ‘काइ ओओइ’ हे पुस्तक सिद्ध केले. शिंपल्यांच्या जोड्या जुळविण्याच्या खेळावरून हे नाव आले आहे. तीस जोड्यांत साठ रचना मांडून प्रत्येक जोडीत सरस कोणती याचा निवाडा त्याने स्वतः दिला आहे. भाषा बाजारातील गाण्यांची, चेष्टेची, चटपटीत. हे पुस्तक उएनोच्या देवळात अर्पण करून तो एदो नगरीत, म्हणजे आजच्या तोक्योत, नशीब काढण्यास निघाला. एकोणतीस वर्षांचा हा निवाडेकार विरक्त नव्हता; महत्त्वाकांक्षी होता.

एदोत नाव बदलले. १६७५ मध्ये त्या काळचा मातब्बर कवी निशियामा सोइन तेथे आला असता भरलेल्या बैठकीत आपला कवी तोसेइ या नावाने दिसतो. तोसेइ म्हणजे हिरवे, न पिकलेले पीच फळ. चिनी महाकवी ली बाइ याच्या नावाची अक्षरे पांढऱ्या आलुबुखाराकडे बोट दाखवितात. त्याच्या शेजारी आपण कच्चे पीच, असा विनय आणि अशीच ऐटही या नावात असावी, असा तर्क केला जातो. महत्त्वाचे हे की हे नाव आता घरच्या नावाचे दुसरे वाचन नव्हते. मुनेफुसाशी त्याचा काहीच संबंध उरला नव्हता. एदोच्या बाजारपेठेत व्यावसायिक हायकाइ-गुरू म्हणून जगायचे तर शिष्यांच्या रचनांना गुण द्यायचे, दुरुस्त्या करायच्या आणि मोबदला घ्यायचा. तोसेइने ते केले. १६८० मध्ये त्याच्या वीस शिष्यांच्या रचनांचा संग्रह निघाला, त्याच्या नावातच तोसेइ आहे. किकाकु, रान्सेत्सु असे पुढे गाजलेले शिष्य त्यात आहेत. याच काळात सुमारे चार वर्षे तो नगराच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर होता, अशी नोंद मिळते. कारकुनी असो वा देखरेख असो, पाटाच्या पाण्याचा हिशेब ठेवणारा हा बाशो आपल्याकडील हायकूविषयक लेखनात कधी भेटत नाही. बीडसारख्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला तो विशेष जवळचा वाटतो.

आणि मग १६८० च्या हिवाळ्यात, शिष्यसंग्रह प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, त्याने शहराच्या मध्यवस्तीतील बिऱ्हाड मोडले आणि सुमिदा नदीपलीकडे फुकागावा या पाणथळ भागात एका झोपडीत जाऊन राहिला. गुण देऊन पैसे घेण्याचे काम थांबविले. येथे मासळीचा व्यापारी असलेला सान्पू हा शिष्य त्याचा योगक्षेम पाहत असे. जवळच राहणाऱ्या बुच्चो या झेन आचार्याच्या सहवासात त्याने ध्यानाचा अभ्यासही केला. त्याने बाजार का सोडला याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कारण एकच नसावे. परंतु हे घडले तेव्हा त्याचे नाव तोसेइ होते, बाशो नव्हे. म्हणजे त्याग आधी आणि नाव नंतर.

१६८१ च्या वसंतात रिका नावाच्या शिष्याने झोपडीच्या अंगणात लावण्यासाठी केळीचा एक खुंट आणून दिला. तो फोफावला. येणारे-जाणारे त्या जागेला केळीची झोपडी म्हणू लागले, आणि त्यात राहणाऱ्याला केळीच्या झोपडीतला म्हातारा. जपानी भाषेत केळीला बाशो म्हणतात. १६८२ च्या एका संग्रहात हे नाव त्याची सही म्हणून आलेले आहे. तेव्हा ज्या नावाने जग त्याला ओळखते ते त्याने आधी योजून घेतलेले नाही. शेजाऱ्यांनी झाडावरून घराला दिले, घरावरून माणसाला दिले आणि त्याने ते ठेवून घेतले. खेड्यात वडाजवळचे घर असणाऱ्याला लोक वडाजवळचा म्हणून ओळखतात, त्यातलाच हा प्रकार.

पण ही केळ आपली केळ नव्हे, आणि येथे मराठी वाचकाची सहज दिशाभूल होते. आमच्या पालीसारख्या कोरडवाहू गावात केळ म्हणजे न्हाणीच्या सांडपाण्यावर परसात वाढलेले दोन-चार खुंट. तरीही त्यांचे काही म्हणून वाया जात नाही. पान जेवायला, केळफूल भाजीला, घड विकायला वा वाणाला, आणि अख्खा खुंट सत्यनारायणाच्या चौरंगाला किंवा मांडवाच्या दाराला. केळ म्हणजे मांगल्य आणि भरलेपण. बाशोच्या अंगणातील जात थंडीत तग धरणारी आहे. तिला खाण्याजोगे फळ धरत नाही. लाकूड म्हणून ती कुचकामी. मोठी पाने वाऱ्याने शिरांवर फाटतात आणि पावसात रात्रभर वाजतात. पुढे १६९२ मध्ये नव्या झोपडीत ही झाडे हलविली तेव्हा त्याने एक छोटा गद्यलेख लिहिला. त्यात या झाडावर आपले प्रेम आहे ते त्याच्या निरुपयोगीपणामुळेच, असा त्याचा आशय आहे. कुऱ्हाड ज्याच्या वाट्याला जात नाही अशा कुचकामी वृक्षाची च्वांग्-त्झूने सांगितलेली कथा त्यामागे उभी आहे.

या नावाला आणखी एक खोली आहे आणि ती थेट आपल्याकडून गेलेली आहे. पाली त्रिपिटकातील फेणसुत्तात पाच स्कंधांना पाच उपमा दिल्या आहेत; त्यांत संस्कारांना केळीच्या खुंटाची उपमा आहे. सोपटामागून सोपट काढीत गेले तरी आत गाभ्याचे लाकूड सापडत नाही. (पाली नावाच्या गावी बसून पाली वाङ्मयाचा दाखला देताना विद्यार्थी हसतात, त्यांना तेवढीच गंमत.) विमलकीर्तीच्या सूत्रातही देहाला केळीसारखा असार म्हटले आहे. हे दृष्टान्त बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात पोहोचले. पंधराव्या शतकात झेन्चिकूने ‘बाशो’ याच नावाचे नो नाटक रचले, त्यात केळीचा आत्मा स्त्रीरूपाने भिक्षूपुढे प्रकट होतो. फुकागावाच्या शेजाऱ्यांच्या मनात हे सारे होते असे नाही. ज्याने नाव स्वीकारले त्याच्या मनात ते होते यात शंका नाही.

आधुनिक मराठी कवींच्या टोपणनावांशी ताडून पाहिल्यास याचे वेगळेपण स्पष्ट होते. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज ही नावे नात्यांतून घडली आहेत. कवी स्वतःला कोणाचा तरी मुलगा किंवा कोणाचा तरी थोरला भाऊ म्हणवितो. घरातून बाहेर पडताना तो घराचा उंबरा बरोबर नेतो. बाशोच्या नावात नाते नाही. वस्ती आहे, तीही वाऱ्यात फाटणारी. उलट आपल्या मराठवाड्यातील जांबचा नारायण ठोसर रामदास झाला तेव्हा जुने नाव मागे पडले आणि नव्या नावात संपूर्ण आयुष्याची दिशा आली. बाशो या दोन्ही मार्गांनी गेला नाही. नवे नाव घेतल्यावरही त्याने तोसेइ टाकले नाही. कधी एक, कधी दुसरे, कधी दोन्ही जोडून अशी त्याची सही चालू राहिली. विरक्ताच्या मूर्तीला पहिला तडा येथे जातो.

१६८२ च्या वर्षाअखेर, जुन्या पंचांगानुसार बाराव्या महिन्यात, एदोत मोठी आग लागली आणि केळीची झोपडी जळाली. बाशो कसाबसा वाचला आणि काही महिने काइ प्रांतात आश्रयाला राहिला. १६८३ च्या उन्हाळ्यात इगाला त्याची आई वारली; तो जाऊ शकला नाही. त्याच हिवाळ्यात सोदो या मित्राच्या पुढाकाराने वर्गणी जमली आणि नवी झोपडी उभी राहिली. तेथे पुन्हा केळ लावण्यात आली. नाव टिकविण्यासाठी झाड लावावे लागले, अशी थट्टा करता येईल.

१६८४ च्या शरदात तो पहिल्या मोठ्या प्रवासाला निघाला. इसेच्या मंदिरात त्याला आत जाऊ दिले नाही, कारण मुंडण केल्यामुळे तो बौद्ध भिक्षू समजला गेला. वस्तुतः त्याने दीक्षा घेतलेली नव्हती. पुढे काशिमाच्या प्रवासवृत्तात त्याने स्वतःला वटवाघळाची उपमा दिली आहे. धड पाखरू नव्हे, धड उंदीर नव्हे. आपल्याकडे त्याला बेधडक संन्यासी म्हणतात, त्यांनी ही उपमा विचारात घ्यावी. इगाला पोहोचल्यावर थोरल्या भावाने एक लहानशी ताईताची पिशवी उघडून दाखविली. तीत आईचे पांढरे केस ठेवलेले होते. या प्रसंगावर त्याने जे लिहिले आहे त्यात केळीच्या झोपडीतला म्हातारा नाही; घरी उशिरा आलेला धाकटा मुलगा आहे. त्या घरात त्याला बाशो कोण म्हणणार?

बेडकाची रचना १६८६ ची. तिच्याविषयी मराठीत पुरेसे, कदाचित गरजेपेक्षा अधिक, लिहिले गेले आहे. १६८७ मध्ये तो पश्चिमेकडे निघाला त्या प्रवासाच्या वृत्ताचा आरंभ त्याने स्वतःसाठी आणखी एक नाव योजून केला आहे, फूराबो. वाऱ्याने सहज फाटणाऱ्या तलम वस्त्रासारखा बुवा, असा त्याचा अर्थ. केळीच्या पानाचीच ही दुसरी आवृत्ती. त्यात ‘बो’ हा भिक्षुवाचक शब्द आहे खरा, पण सारा सूर स्वतःची टर उडविण्याचा आहे. या आरंभीच्या भागात तो स्वतःविषयी जितके मोकळे बोलतो तितके अन्यत्र बोलत नाही. धन्याच्या पदरी मान मिळवावा असे एकेकाळी वाटले, विद्याभ्यास करून अज्ञान घालवावे असेही वाटले, पण काव्याच्या नादाने दोन्ही हुकले, अशी कबुली तो देतो. जिन्शिचिरो, सोबो आणि तोसेइ हे तिघेही येथे आपापला हिशेब देतात. त्याच प्रवासाच्या निरोपाच्या रचनेत आपल्याला लोकांनी केवळ वाटसरू या नावाने हाक मारावी अशी इच्छा तो प्रकट करतो. ज्याला इतकी नावे झाली त्याने शेवटी सामान्यनाम मागावे, हे लक्षणीय आहे.

१६ मे १६८९ रोजी तो ज्या प्रवासाला निघाला त्यातून ‘ओकु नो होसोमिचि’, म्हणजे अंतर्भागाकडे जाणारी अरुंद वाट, हा त्याचा श्रेष्ठ ग्रंथ निर्माण झाला. जाण्यापूर्वी त्याने झोपडी दुसऱ्या कुटुंबाला देऊन टाकली. सुमारे पाच महिने आणि जवळजवळ २४०० किलोमीटर वाट. बरोबर कावाइ सोरा हा शिष्य होता. सोराचे व्यवहारातील नाव सोगोरो. त्यात ‘गोरो’, म्हणजे पाचवा मुलगा. प्रस्थानाच्या पहाटे त्याने डोके भादरले, काळी वस्त्रे घातली आणि नावातील सोगो एवढे ठेवून त्याची अक्षरे बदलली. ऐकणाऱ्याच्या कानाला काहीच फरक नव्हता. लिहिणाऱ्याच्या हाताला मात्र पाचव्याच्या जागी बोध हे अक्षर येत होते. तरुणपणी बाशोने अक्षरे ठेवून ध्वनी बदलला होता. शिष्याने ध्वनी ठेवून अक्षरे बदलली. ही नोंद बाशोने ग्रंथात आवर्जून केली आहे आणि सोराच्या मुंडणावरील रचनाही घेतली आहे. याच सोराची रोजनिशी १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्याशी ताडता असे दिसून आले की बाशोने प्रवासाचा क्रम, मुक्काम, हवापाणी यांत ठिकठिकाणी बदल केले होते. काही अभ्यासकांना त्यामुळे धक्का बसला. ज्याने आयुष्यभर स्वतःचे नाव घडविले त्याने स्वतःचा प्रवासही घडवावा, यात मला अनपेक्षित काही दिसत नाही.

नासूच्या माळावर एका शेतकऱ्याने दिलेल्या घोड्यामागे दोन पोरे धावत आली. त्यांतील मुलीने आपले नाव कासाने सांगितले. त्याचा अर्थ पदरावर पदर. आडरानात असे नाजूक नाव ऐकून दोघेही थबकले. पुढे एका परिचिताने आपल्या तान्ह्या मुलीचे नाव ठेवण्यास सांगितले तेव्हा बाशोने तेच दिले. स्वतःला मूल नसलेल्या या माणसाने दुसऱ्याच्या बाळाला नाव देताना ना पुराण शोधले ना पंचांग. वाटेत ऐकलेले एक नाव पुढे केले.

यानंतरची दोन वर्षे क्योतो आणि बिवा सरोवराच्या परिसरात गेली. क्योराय आणि बोन्चो यांनी संपादित केलेला ‘सारुमिनो’ हा संग्रह १६९१ मध्ये त्याच्या देखरेखीखाली निघाला. त्याच्या संप्रदायाचे हे शिखर समजले जाते. त्या वर्षाअखेर तो एदोला परतला. १६९२ मध्ये शिष्यांनी जुन्या जागेजवळ तिसरी झोपडी बांधली आणि केळीचे खुंट तेथे हलविले.

या झोपडीतील दिवस मात्र शांतीचे नव्हते, आणि मराठी वाचकाला अपरिचित असा बाशोचा भाग हाच आहे. तोइन हा त्याचा पुतण्या की भाचा क्षयाने आजारी होऊन याच झोपडीत राहिला. बाशोने त्याची शुश्रूषा केली, उसनवारी केली, आणि १६९३ च्या वसंतात तो तेथेच वारला. जुतेइ नावाची स्त्री आणि तिची मुले यांचा भारही त्याच्यावर होता. जुतेइशी त्याचे नाते नेमके काय होते याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तिच्या मुलाचे नाव जिरोबेइ. नाव दुसऱ्या मुलाचे. त्या शरदात बाशोने सुमारे महिनाभर दार लावून घेतले आणि कोणालाही भेटेनासा झाला. पाश तोडून निघालेल्याला महिनाभर दार लावण्याची गरज पडत नाही.

१६९४ च्या उन्हाळ्यात तो शेवटच्या प्रवासाला निघाला, तेव्हा बरोबर हाच जिरोबेइ होता. वाटेत बातमी आली की जुतेइ एदोत केळीच्या झोपडीतच मरण पावली. मुलगा परत गेला आणि विधी आटोपून पुन्हा बाशोकडे आला. शरदात बाशो ओसाकाला गेला, तो शिदो आणि शादो या दोन शिष्यांमधील भांडण मिटविण्यासाठी. तेथेच पोटाच्या विकाराने तो अंथरुणाला खिळला. त्याला हानाया निझाएमोन याच्या घराच्या मागील भागात हलविण्यात आले. शिष्य जमले. मृत्युपत्रे त्याने शिष्याकडून लिहवून घेतली. एक पत्र तेवढे स्वतःच्या हाताने लिहिले, ते इगातील थोरल्या भावाला, हान्झाएमोनला. आपण आधी जात आहोत याचे दुःख मानू नये आणि घरच्यांची काळजी घ्यावी, एवढाच त्याचा मजकूर. त्याखाली सही आहे ती तोसेइ. तेरा वर्षे जे नाव जगात गाजत होते ते भावाच्या पत्राखाली त्याने घातले नाही.

२८ नोव्हेंबर १६९४ रोजी तो गेला. जपानी मोजणीने वय एक्कावन्न. त्याच्या इच्छेनुसार शिष्यांनी पार्थिव योदो नदीतून नावेने नेले आणि बिवा सरोवराकाठी ओत्सु येथील गिचूजी या मठात दफन केले. ११८४ मध्ये जवळच आवाझु येथे पडलेला योद्धा किसो योशिनाका याची समाधी तेथे आहे, आणि मठाचे नाव त्याच्याच नावावरून पडले आहे. योशिनाका या नावाची अक्षरे चिनी पद्धतीने वाचली की गिचू होते. मुनेफुसाचा सोबो झाला त्याच रीतीने. बाशोच्या दगडावर अक्षरे आहेत बाशो-ओ, म्हणजे केळीचा वृद्ध. शंभर वर्षांनी, १७९३ मध्ये, शिंतो धर्माधिकाऱ्यांनी त्याला देवत्व दिले. आणखी शंभर वर्षांनी मासाओका शिकीने त्या देवत्वाविरुद्ध लेखणी उचलली आणि बाशोच्या बहुतेक रचना सामान्य आहेत असे लिहिले. तो वाद स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

इगातील शिष्यांनी दफनापूर्वी त्याचे थोडे केस मागून घेतले होते. ते त्यांनी उएनोला, मात्सुओ घराण्याच्या देवळात, पुरले.